राखाडी चौकट

आमच्या ऑफिसात त्याला सगळे भिंग म्हणायचे. हे नाव मीच ठेवलं, तो रुजू झाला त्याच्या दुसऱ्याच आठवड्यात, आणि ते इतकं चिकटलं की पुढे मॅनेजरसुद्धा मीटिंगमध्ये "भिंग कुठाय?" असंच विचारायला लागला. मी त्याच्या शेजारच्या टेबलावर नऊ वर्षं बसले. तो प्रोग्रॅमर, मी टेस्टर. म्हणजे त्यानं बनवायचं आणि मी त्यात खोट काढायची. खोट काढणं हा तुझा स्वभावच आहे असं घरचे म्हणतात, तेव्हा नोकरी बरी सापडली म्हणायची. हे सगळं सांगतेय ते त्याचं कौतुक करायला नाही की त्याला बोल लावायलाही नाही. त्याच्याबद्दल हल्ली जो तो तोंड चालवतो, आणि ज्यांना कशाचा काही पत्ता नाही ते सगळ्यात जास्त. ते ऐकलं की माझं डोकं फिरतं, म्हणून सांगते.

आमचं ऑफिस फर्निचरच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर. खिडक्या उघडायच्या नाहीत, एसी गळायचा, त्याखाली एक निळी बादली कायमची ठेवलेली. आम्ही एका मोठ्या हॉस्पिटलचं सॉफ्टवेअर सांभाळायचो. वॉर्डातल्या सिस्टर औषध देण्याआधी ज्या स्क्रीनवर बघतात ना, ती आमची. डावीकडे पेशंटचं नाव, वय, खाट नंबर. मध्ये औषधांची यादी. आणि उजवीकडे एक डबा. पेशंटला कशाची ॲलर्जी असली तर तो डबा लाल व्हायचा आणि त्यात ते नाव यायचं. नसली तर डबा कोरा. एवढी साधी गोष्ट.

भिंगची काम करायची एक रीत होती. आमच्या भाषेत पेशंट म्हणजे माणूस नसतो, ऑब्जेक्ट असतो. ऐकायला वाईट वाटतं, पण काय करणार, कामाची भाषा आहे. पेशंटची सगळी माहिती एका गाठोड्यात बांधलेली असते, त्याला ऑब्जेक्ट म्हणायचं. स्क्रीनवर काही चुकीचं दिसलं की बाकीचे प्रोग्रॅमर अंदाजानं इथे खुपस, तिथे ढोस करत बसायचे. भिंग तसं करायचा नाही. तो त्या पानाच्या कोडमध्ये सगळ्यात वर एक ओळ टाकायचा. त्या ओळीनं काय व्हायचं, तर अख्खं गाठोडं सोडून पानावरच पसरलं जायचं. एका राखाडी चौकटीत, बारीक अक्षरांत, पेशंटचं आतलं बाहेरचं सगळं. मग तो खुर्ची पुढे ओढायचा आणि वरपासून खालपर्यंत बोट फिरवत वाचत जायचा. मी घाई केली की म्हणायचा, "अंदाज नको, ताई. आधी उघडून बघू."

घरीही तसलाच. भाजीवाल्याकडे एकेक टोमॅटो फिरवून बघणार, मागची माणसं ताटकळली तरी याला काही नाही. त्याची बायको एकदा ऑफिसात आली होती, तिनं सांगितलं, "लग्नाला हो म्हणायला यांनी चार महिने घेतले. अजूनही म्हणतात, तपासणी चालू आहे." तो नुसता हसला. मनानं फार चांगला माणूस. एखाद्या नवख्यानं घोळ घातला तर त्याच्या शेजारी बसून तासभर समजावणार, आणि नंतर मॅनेजरसमोर त्याचं नावही काढणार नाही. माझ्या तोंडचे जळजळीत शब्द त्यानं नऊ वर्षं पचवले, यावरून काय ते समजा.

त्याच्या त्या ओळीची आम्हाला सगळ्यांनाच सवय लागली. आमच्याकडे सॉफ्टवेअरच्या दोन प्रती असायच्या. एक खरी, हॉस्पिटलात चालणारी. दुसरी आमच्या ऑफिसातली, तपासण्यासाठी. त्या तपासणीच्या प्रतीत ती ओळ दर वेळी घाला आणि काढा, घाला आणि काढा, याचा मलाच कंटाळा आला आणि मीच त्याला म्हटलं, राहू दे ना कायमची. पानाच्या वर ती राखाडी चौकट दिसत राहिली तर कुणाचं काय जातंय? इथे कोण पेशंट येणार आहे बघायला? त्यानं ठेवली. चार वर्षं ती तिथेच होती. खऱ्या प्रतीत अर्थातच नव्हती.

मग ते झालं. दुपारची चारची वेळ. लिफ्ट दुरुस्त करणारा एक मेकॅनिक, वय बेचाळीस, पायाची जखम चिघळली म्हणून दाखल झालेला. सिस्टरनी त्याला पेनिसिलिनचं इंजेक्शन दिलं. वीस मिनिटांत माणूस गेला. त्याला पेनिसिलिनची ॲलर्जी होती, आणि ती आमच्या सॉफ्टवेअरमध्ये सहा वर्षांपूर्वीच नोंदलेली होती.

सिस्टर अठरा वर्षांच्या अनुभवी. त्यांनी त्याच संध्याकाळी लिहून दिलं: मी स्क्रीन दोनदा बघितली, डबा कोरा होता. हॉस्पिटलनं चौकशी समिती नेमली आणि आमच्याकडे विचारणा आली की खरं काय ते सांगा. मॅनेजरच्या तोंडचं पाणी पळालं. त्यानं भिंगला बोलावलं आणि मलाही.

आता हॉस्पिटलातल्या खऱ्या स्क्रीनवर बघावं तर डबा लाल. पण त्याला काही अर्थ नव्हता, कारण त्या धावपळीत डॉक्टरांनी ती ॲलर्जी स्वतःच्या हातानं पुन्हा एकदा टाकली होती. भिंगच्या हे लगेच लक्षात आलं. तो म्हणाला, आपल्याला त्या आधीचा पेशंट बघायला हवा. म्हणून त्यानं आदल्या दिवशीची साठवलेली माहिती आणली, तपासणीच्या प्रतीत चढवली, मेकॅनिकचं पान उघडलं. वर राखाडी चौकट. त्यात बोट फिरवत तो खाली आला आणि थांबला. पेनिसिलिन. नोंद क्रमांक चार हजार एकशे बारा, सहा वर्षांपूर्वीची तारीख. आणि उजवीकडचा डबा लालभडक. त्यानं ते पान एकवीस वेळा उघडलं. मी शेजारी बसून मोजत होते. एकवीस वेळा लाल. तीन वेगवेगळ्या कॉम्प्युटरवर बघितलं, तिथेही लालच.

"सिस्टरांची नजर चुकली असणार," मी म्हटलं. हे मीच आधी म्हटलं, तो नाही.

समितीसमोर आम्ही दोघं गेलो. लांब टेबल, पाण्याच्या बाटल्या, तीन माणसं. त्यातले अध्यक्ष एक वयस्कर डॉक्टर. सिस्टर टेबलाच्या टोकाला, पर्स मांडीवर घट्ट धरून बसलेल्या. भिंगनं राखाडी चौकटीचा छापील कागद ठेवला, पेनिसिलिनच्या ओळीखाली पेनानं रेघ मारलेली. अध्यक्षांनी विचारलं, "आत माहिती आहे पण स्क्रीनवर आली नाही, असं होऊ शकतं का?"

"तेही पाहिलंय," भिंग म्हणाला. "एकवीस वेळा उघडलं. एकवीस वेळा आली."

सिस्टरनी तो कागद मागितला. बराच वेळ हातात धरून त्यांनी एकेक ओळ वाचली. मग म्हणाल्या, "पण मला हे दिसलं नव्हतं." आवाज अगदी साधा. कागद परत देताना त्यांनी त्याची घडी पडू दिली नाही, हे मला आठवतं.

दोन महिन्यांत त्यांचं रजिस्ट्रेशन रद्द झालं. म्हणजे आता कुठल्याच हॉस्पिटलात त्यांना नर्स म्हणून पाय ठेवता येणार नव्हता. भिंग त्या दिवशी जेवला नाही. मी त्याला म्हटलं, तू खोटं बोललास का? नाही ना? मग गप गुमान डबा उघड. तो म्हणाला, "खोटं नाही बोललो, पण त्या खोटं बोलत होत्या असंही वाटलं नाही." मी म्हटलं, दोन्ही कसं खरं असेल? आणि विषय तिथेच तोडला. माणसाला दुसऱ्याचं तोंड बंद करायची किती हौस असते बघा.

सात महिने गेले. हॉस्पिटलात नव्या सिस्टरांच्या प्रशिक्षणासाठी पुस्तिका काढायची होती आणि त्यात स्क्रीनचे फोटो हवे होते. मी पाठवले तर शिकवणाऱ्या बाईंचा फोन आला. वर ते राखाडी लांबलचक काय आहे, ते काढून पाठवा, मुली घाबरतील. बरोबरच होतं त्यांचं. मी भिंगला सांगितलं, तुझी ओळ काढ जरा. त्यानं काढली. पुस्तिकेसाठी आम्ही जुन्या सॉफ्टवेअरपासून चालत आलेला एक खोटा पेशंट घेतला होता, त्याला धुळीची ॲलर्जी. मी फोटो घ्यायला पान उघडलं आणि म्हटलं, "अरे, तू ओळ काढताना डबाही उडवलास की काय?"

डबा कोरा होता.

तो माझ्या टेबलाशी आला. त्यानं ओळ परत घातली. डबा लाल. ओळ काढली. कोरा. घातली, लाल. काढली, कोरा. मला आधी काही कळेना, मी त्याच्या तोंडाकडे बघत होते. त्याचा चेहरा असा उतरत गेला की मी पाण्याची बाटली पुढे केली. त्यानं ती बाजूला सारली आणि मेकॅनिकचं पान उघडलं. आदल्या दिवशीची माहिती, जशीच्या तशी, वर राखाडी चौकट नाही. डबा पांढराफटक.

त्यानं मला जे समजावलं ते मी माझ्या शब्दांत सांगते. आमचं सॉफ्टवेअर ज्या सांगाड्यावर उभं आहे, ज्याला फ्रेमवर्क म्हणतात, तो कामचुकार आहे. मुद्दाम तसा केलेला आहे, म्हणजे वेळ वाचतो. ॲलर्जीची यादी कुणी मागेपर्यंत तो ती आतून आणतच नाही. डबा लाल करायचा की नाही हे ठरवताना तो यादी मोजत नाही, पेशंटच्या नावाशेजारी टिपून ठेवलेला आकडा बघतो: ॲलर्जी किती, एक, दोन, शून्य. सहा वर्षांपूर्वी जुन्या पद्धतीतले पेशंट आम्ही या नव्या सॉफ्टवेअरमध्ये आणले तेव्हा त्यांच्या ॲलर्जी आल्या, पण तो आकडा कुणी भरला नाही. शून्यच राहिला. आकडा शून्य, म्हणून डबा कोरा. पण कुणी गाठोडं उघडून बघितलं, की यादी आतून बाहेर येते. आणि एकदा यादी समोर आली, की तो टिपलेल्या आकड्याकडे बघतच नाही, समोरची यादी मोजतो. मोजली की एक. डबा लाल.

म्हणजे आम्ही बघत होतो, म्हणून ते बरोबर होत होतं. भिंगची ती ओळ नुसतं दाखवत नव्हती, दुरुस्त करत होती. आणि वॉर्डात, जिथे ती ओळ नव्हती, तिथे सहा वर्षं डबे कोरे दिसत होते. जुने पेशंट आणल्यावर ते नीट आले का, हे तपासून सही करणारी मी होते. पुढे दर सहा महिन्यांनी मी ती स्क्रीन तपासायचे, आणि गेली चार वर्षं तर ती राखाडी चौकट डोळ्यांसमोर ठेवून.

त्यानं दुरुस्ती तिथल्या तिथे केली. एक शब्द बदलायचा होता, टिपलेला आकडा बघू नकोस, खरी यादी मोज. अकरा मिनिटं लागली. खऱ्या प्रतीत ती चढवायला आणखी अर्धा तास. मग आम्ही शोधलं की असे पेशंट किती. दोनशे एकोणीस. भिंगनं त्या सगळ्यांची नावं वाचून काढली, एकेक. त्यातले आणखी कुणी गेले होते का हे हॉस्पिटलनं नंतर तपासलं. नव्हते. एवढं एक वाचलो.

मॅनेजरकडे गेलो तर तो दार लावून म्हणाला, "दुरुस्त केलंस ना? मग झालं. गाडलेली मढी कशाला उकरतोस?" मी काही बोलणार इतक्यात त्यानं ड्रॉवरमधून एका पत्राची प्रत काढून पुढे टाकली. ते सिस्टरांचं पत्र होतं, रजिस्ट्रेशन गेल्यावर तीन महिन्यांनी त्यांनी आपणहून समितीला पाठवलेलं. स्क्रीनवर पेनिसिलिनची नोंद होती, ती मी पाहिली होती, माझ्याकडून दुर्लक्ष झालं, मी माफी मागते. खाली सही. "बाई स्वतः कबूल करतायत," मॅनेजर म्हणाला, "आणि तू त्यांचा वकील होणार?"

भिंगनं ते पत्र दोनदा वाचलं. "यांना कुणी लिहायला लावलं?" त्यानं विचारलं. कुणीच नव्हतं लावलं. म्हणूनच तर सगळं अवघड होऊन बसलं.

पुढच्या रविवारी आम्ही त्यांच्या घरी गेलो. तिसरा मजला, गॅलरीत वॉशिंग मशीन, दाराशी चपला ओळीनं लावलेल्या. दार त्यांच्या नवऱ्यानं उघडलं. गाडी चालवायला शिकवायचा तो. भिंगला बघताच त्यानं ओळखलं आणि दारातच उभा राहिला. "आता काय राहिलंय?"

"चूक आमची होती," भिंग म्हणाला. "स्क्रीन कोरीच होती. तेच सांगायला आलोय."

त्या माणसाला काय झालं ते मी सांगू शकत नाही. त्यानं चौकटीला हात टेकला, मागे वळून हाक मारली, "अगं, ये बाहेर, ऐक हे काय म्हणतायत," आणि आम्हाला आत घेताना माझा हात धरला. आम्ही परके आहोत हे तो विसरला होता.

सिस्टर हात पुसत आल्या. अंगानं निम्म्या झाल्या होत्या. आता त्या पार्सलच्या गोदामात पत्ते बघून खोकी लावायचं काम करत होत्या. भिंगनं सगळं सांगितलं, आकडा, यादी, ती ओळ. त्या शांतपणे ऐकत होत्या. अठरा वर्षं पेशंटांचं ऐकून घेतलेलं, त्याच पद्धतीनं. त्याचं सांगून झालं तेव्हा म्हणाल्या, "नाही हो दादा. होतं तिथे. मला दिसलं होतं."

"सिस्टर, दिसणं शक्यच नव्हतं."

"सुरुवातीला मलाही वाटायचं, नव्हतं. रोज यांना तेच सांगायचे. मग विचार करत गेले तसं आठवायला लागलं. आता तर डोळे मिटले की समोर येतं. पेनिसिलिन, शेजारी तारीख, आणि त्याच्या आधी तो आकडा, चार हजार एकशे बारा."

भिंगनं माझ्याकडे बघितलं. वॉर्डाच्या स्क्रीनवर नोंद क्रमांक दिसतच नाही, कधीच नव्हता. तो फक्त आतल्या गाठोड्यात असतो. सिस्टरना जे आठवत होतं ती स्क्रीन नव्हती. तो आमचा कागद होता, समितीसमोर त्यांनी हातात धरून वाचलेला.

त्यानं ते त्यांना सांगितलं. लॅपटॉपवर दुरुस्तीआधीची प्रत उघडून कोरा डबा दाखवला. नवरा त्यांच्या खांद्यावरून वाकून बघत होता, "बघ, बघ ना," म्हणत होता. सिस्टरनी त्या पांढऱ्या जागेवर बोट ठेवलं. "इथे होतं. तुम्ही आता काढून टाकलंत. माझ्यासाठी केलंत, कळतं मला. पण असं नका करू, नोकरी जाईल तुमची."

"मी काढलं नाही, सिस्टर. मी फक्त ती ओळ काढली."

"तेच म्हणते मी," त्या म्हणाल्या आणि चहा ठेवायला उठल्या.

त्यांच्या नवऱ्यानं जिन्यात आम्हाला सांगितलं, पहिले दोन महिने ही दिवसरात्र म्हणायची, डबा कोरा होता. मी विश्वास ठेवला. पण मी सोडून एकानंही ठेवला नाही. शेवटी तिनंच सोडून दिलं. "तिला कुठेतरी थांबायचं होतं हो," तो म्हणाला, "आणि खरं सांगून थांबता येईना."

भिंगनं समितीला पत्र लिहिलं. सगळं लिहिलं, कंपनीचा, स्वतःचा, कुणाचा मुलाहिजा ठेवला नाही. मीही खाली सही केली. नऊ वर्षांत पहिल्यांदा त्याच्या कामावर मी खोट न काढता सही केली. मॅनेजरनं आधी समजावलं, मग धमकावलं, मग बोलणंच टाकलं. भिंगला हॉस्पिटलच्या कामावरून काढून कोपऱ्यातल्या टेबलावर बसवलं, शाळेच्या बसचं वेळापत्रक दाखवणारी वेबसाइट सांभाळायला. ऑफिसात दोन तट पडले. एक म्हणायचा, यानं माणूस मारला. दुसरा म्हणायचा, यानं कंपनी बुडवली. समोर मात्र सगळे गोड. माझ्यासमोर एकानं ब्र काढला असता तर मी त्याची चांगली खरडपट्टी काढली असती, पण तेवढी हिंमत कुणाच्यात नव्हती.

समिती पुन्हा बसली. तेच टेबल, त्याच बाटल्या. अध्यक्षांनी सिस्टरना विचारलं, "बाई, सरळ सांगा. डबा कोरा होता की नव्हता?" बाहेर बाकावर नवरा बसलेला. एक शब्द हवा होता, जो त्यांनी पहिल्याच दिवशी लिहून दिला होता.

"नव्हता," त्या म्हणाल्या. "मला दिसलं होतं."

भिंग उभा राहिला. परवानगी न मागताच बोलायला लागला. चार हजार एकशे बारा हा आकडा वॉर्डात कुठेच दिसत नाही, हवं तर आत्ता चला, बघा. बाईंना आठवतोय तो माझा कागद आहे. त्यांना मी दाखवलेलं आठवतंय. अध्यक्षांनी खरंच माणूस पाठवून वॉर्डाच्या स्क्रीनचा फोटो मागवला, कागद शेजारी ठेवला, चष्मा काढून दोन्ही ताडून बघितलं. त्यांना पटलं. सिस्टरांचा पहिल्या दिवशीचा जबाब खरा धरला आणि महिन्याभरात रजिस्ट्रेशन परत मिळालं. नवऱ्यानं मला फोन केला तेव्हा तो रडत होता.

सिस्टर परत वॉर्डात गेल्या नाहीत. रजिस्ट्रेशनचा कागद पाकिटासकट कपाटात पडून आहे. त्या म्हणतात, समितीनं दया दाखवली. त्या म्हणतात, "दिसलं नसतं तरी सुई माझ्याच हातात होती ना? मग मला दिसलं होतं हेच बरं. निदान कशानं झालं ते कळतं तरी." मी टेस्टर आहे, मला चूक दाखवता येते. ती दुसऱ्याच्या मनातून काढून कशी घ्यायची, ते आम्हाला कुणी शिकवलेलं नाही.

भिंग दर शनिवारी सकाळी त्यांच्याकडे जातो. दीड वर्ष होत आलं. दर वेळी वेगळ्या तऱ्हेनं समजावतो, कधी चित्र काढून, कधी लॅपटॉपवर, एकदा तर नवऱ्याला गाठोडं करून आणि मला यादी करून. त्या कंटाळत नाहीत. चहा करतात, ऐकतात, त्याच्या प्रकृतीची चौकशी करतात. तो वाळलाय, बायकोला सांगून नीट जेवत जा म्हणतात. आणि शेवटी, अगदी हळू, त्याला वाईट वाटू नये अशा बेतानं म्हणतात, "पण मला दिसलं होतं, दादा."

गेल्या महिन्यात मी बरोबर होते. जिना उतरताना तो दुसऱ्या मजल्यावर थांबला. "ताई, एक विचारू? कधी कधी मला वाटतं, दिसलं असेल त्यांना."

माझं डोकंच सणकलं. मी त्याला तिथल्या तिथे झापलं. वेडा झालास का? तू स्वतः शोधलंस, तू स्वतः दाखवलंस, दोनशे एकोणीस पेशंटांचे डबे कोरे होते, तू नावं वाचलीस एकेक. तो खाली मान घालून ऐकत राहिला. मग म्हणाला, "माहितीय. सगळं माहितीय. पण त्यांना दिसलं असेल तर मग माझ्या हातून काही झालं नाही ना. त्या दर शनिवारी इतक्या प्रेमानं सांगतात, ताई. मला ते हवंसं वाटायला लागलंय."

मी कठड्याला धरून उभी राहिले. खालच्या मजल्यावर कुणीतरी दार लावलं.

"तुम्ही मला सांगत जा," तो म्हणाला. "अधूनमधून. मी विचारलं नाही तरी."

म्हणून मी सांगते. दर सोमवारी सकाळी त्याच्या कोपऱ्यातल्या टेबलापाशी जाते, कुणी बघत नाहीये ना ते बघते, आणि सांगते, डबा कोरा होता. तो मान हलवतो आणि बसच्या वेळा बघायला लागतो.